तुमच्या बायका फार हसतात

लातूरहून नांदेडला जाणारी बस अहमदपूरच्या पुढे आली की दसऱ्याच्या सुमारास लोक खिडक्या लावून घेतात. रस्त्याच्या दोन्ही अंगांनी सोयाबीनची काढणी चाललेली असते, जागोजागी हडंबे लागलेले असतात, आणि त्या मळणीच्या मशीनमधून उडणारा भुसा थेट बसमध्ये येतो. मानेवर बसतो, गळ्यातून आत शिरतो, दिवसभर खाजतो. परवा मायकडे निघाले होते तेव्हा शेजारच्या बाईंनी आपल्या बाजूची काच ओढली आणि माझ्याकडे पाहिलं. मी माझी उघडीच ठेवली. मला तो वास हवा असतो. वाळलेल्या शेंगांचा, डिझेलचा, तापलेल्या काळ्या मातीचा. माझी पहिली कादंबरी या वासात छापली गेली. आणि ती मी स्वतः छापली.

तेव्हा मी किनवटला मुलींच्या सरकारी वसतिगृहाची गृहपाल होते. साठेक मुली, दोन स्वयंपाकिणी, एक पहारेकरी आणि मी. सकाळी मुली शाळेत गेल्या की संध्याकाळी पाचपर्यंत ती इमारत रिकामी. व्हरांड्यात बसलं की वाळत घातलेल्या युनिफॉर्मच्या रांगेपलीकडे सागाची झाडं दिसायची. तिथं बसून मी तीन वर्षं लिहिलं. कुणाला सांगितलं नाही. स्वयंपाकीण विचारायची, "मॅडम, रिपोर्ट लिहून राहिल्या का?" मी हो म्हणायची. एका अर्थी रिपोर्टच होता तो, फक्त न घडलेल्या गोष्टींचा.

हदगावजवळच्या आमच्या गावातून दर सोयाबीनला बायकांची टोळी निघते. माझी माय त्या टोळीची मुकादम. कुणाचं शेत आधी, कुणाचं मागून, कोणती ओळ कुणाला, सगळं ती ठरवायची. पंधरा-वीस बायका, साडीवर नवऱ्याचा फुल शर्ट, बोटांना चिंध्या गुंडाळलेल्या, कारण वाळलेली शेंग सुईसारखी टोचते. दहावीपर्यंत दर दिवाळीच्या सुट्टीत मीही त्या टोळीत होते. कादंबरी त्या टोळीवर आहे. पण तिची नायिका, रुक्मा, कुठंच नव्हती. रुक्मा जीप चालवते. शेतावर न्यायला येणारा जीपवाला रोज उशीर करतो, वर बायकांना मागं कोंबून पुढची सीट गावातल्या माणसांसाठी ठेवतो. म्हणून ती कुठून तरी एक जुनी जीप मिळवते, पडत-धडपडत चालवायला शिकते, आणि एका सकाळी अख्खी टोळी तिच्या जीपमधून निघते. आमच्या पंचक्रोशीत जीप चालवणारी बाई मी आजवर पाहिलेली नाही. पाहिली असती तर लिहिली नसती.

हस्तलिखित पुण्याच्या एका प्रकाशकाकडे पाठवलं. सहा महिन्यांनी त्यांच्या संपादकांचा फोन आला. मी कोठीत तांदळाची पोती उतरवून घेत होते. फोन घेऊन बाहेर कडुनिंबाखाली आले. त्यांचं बोलणं अतिशय सभ्य होतं. आवाजात कौतुक होतं, ते खोटं नव्हतं.

"सुजाताताई, लेखन दमदार आहे. आम्हाला काढायचंय. फक्त दोन-तीन सूचना आहेत."

"सांगा ना सर."

"एक म्हणजे निवेदन प्रमाण भाषेत घ्या. संवाद तुमच्या बोलीत राहू द्या, त्याला गोडवा आहे. दुसरं, आपण हे आत्मकथन म्हणून काढू. 'ती'च्या जागी 'मी' केलं की झालं."

"पण सर, हे माझं आयुष्य नाही. मी रचलंय."

"तसं काटेकोर असावं लागत नाही हो. तुमच्या समाजातलं अनुभवाचं लेखन लोक आवडीनं वाचतात. कादंबरी म्हटलं की ती जीप वगैरे पटत नाही. अशी कुणी बाई होती का खरंच?"

"नाही."

"तेच म्हणतोय मी." मग ते म्हणाले, "आणि एक सांगू का? रागावू नका. तुमच्या बायका फार हसतात. वेदना पोचत नाही."

मी विचार करून कळवते म्हणाले. आत येऊन पोत्यावर बसले. स्वयंपाकिणीनं विचारलं, "साहेबाचा फोन होता का?" मी म्हणाले, हो, साहेबाचाच.

दोन दिवस मला वाटत राहिलं की त्यांचं बरोबर असेल. पुण्याचा माणूस, पुस्तकांतच आयुष्य गेलेलं. मी पहिलं प्रकरण घेतलं आणि 'ती'ला 'मी' करायला बसले. चार पानं झाली. पाचव्या पानावर जीप आली आणि मी अडकले. 'रुक्मानं क्लच सोडला' हे वाक्य खरं होतं, त्यावर माझा विश्वास होता. 'मी क्लच सोडला' म्हटल्याबरोबर ते खोटं झालं. मला सायकलसुद्धा धड येत नाही. म्हणजे त्यांचं ऐकायचं तर जीप काढावी लागणार. जीप काढली की रुक्मा गेली. मग उरणार काय, तर उशिरा येणारा जीपवाला, मागं कोंबलेल्या बायका, आणि ते सगळं मुकाट सोसणारी 'मी'. हेच हवं होतं त्यांना. त्या चार पानांचे मी तुकडे केले आणि बंबात टाकले.

तेव्हा जो विचार मनात आला तो अजून तसाच आहे. आमच्या माणसांनी सोसलेलं सांगितलं, छातीवर हात ठेवून सांगितलं, ती पुस्तकं वाचूनच मी उभी राहिले. त्यांचं ऋण डोक्यावर आहे. पण म्हणून आम्ही फक्त साक्षच द्यायची का जन्मभर? मनानं काही उभं करायचं नाही? न झालेली बाई, न निघालेली जीप, हे रचायचा हक्क काय कुणाला जहागिरीत मिळालाय? कुणी श्रीमंत घरातला लेखक चंद्रावरच्या माणसाची गोष्ट लिहितो तेव्हा त्याला कुणी विचारत नाही की तुम्ही जाऊन आलात का. मला मात्र जीपचं लायसन मागतात.

त्या रविवारी मी गावी गेले. माय ओसरीत लोहाराकडून पाणी देऊन आणलेल्या विळ्याची धार बोटानं बघत होती. काढणी आठ दिवसांवर आली होती. तिला अक्षरओळख नाही. पुस्तक लिहिलंय हे मी तिला पहिल्यांदा तेव्हा सांगितलं, आणि पुण्याचा माणूस काय म्हणाला तेही.

"कशावर लिव्हलं?"

"टोळीवर."

"आन् त्यो म्हणतो लई हासत्यात?"

"हाव."

तिनं विळा बाजूला ठेवला. मग म्हणाली, "हासल्याबिगर सोयाबीन निघतं का? रडत बसल्यावर दुपारपत्तोर एक बी वळ हुणार न्हाई. त्यानं कधी इळा धरला का?"

"न्हाई धरला आसंल."

"मंग त्याला कामून इचारून राहिली? तू छाप."

नांदेडला प्लॉट घ्यायला पैसे साठवले होते, तो विचार सोडला आणि त्याच पैशांत पुस्तक छापायचं ठरवलं.

नांदेडला जुन्या गल्लीत यासीनभाईंची प्रेस होती. लग्नपत्रिका, हँडबिलं, निवडणुकीची पत्रकं. सत्तरीच्या पुढचे, चष्मा दोरीनं गळ्यात बांधलेला. तरुणपणी छपाईचे खिळे जुळवलेले हात, बोटांची टोकं अजून काळसर. मी हस्तलिखित समोर ठेवलं तेव्हा त्यांनी ते उघडण्याआधी दोन्ही हातांनी नीट केलं, कडा जुळवल्या.

"ताई, किताब लई दिवसांनी आली," ते म्हणाले. "पत्रिकेत चूक झाली तर लगीन काय थांबत न्हाई. किताबीतली चूक राहून जाती. टाइम लागंल."

टाइप करायला प्रणिता होती. बी.ए. झालेली, देगलूरची, हात विजेसारखा चालणारा. आठ दिवसांनी पहिल्या चाळीस पानांचं प्रूफ घ्यायला गेले. किनवटच्या गाडीतून उतरून थेट प्रेसवर. तिथंच स्टुलावर बसून वाचायला लागले आणि तिसऱ्या ओळीला थांबले. 'रुक्मा इचार करून राहिली' असं मी लिहिलं होतं. प्रुफात होतं, 'रुक्मा विचार करत होती.' पुढं वाचलं. सगळीकडे तेच. 'लई'चं 'खूप', 'न्हाई'चं 'नाही', 'कामून'चं 'का'. चाळीस पानं धुऊन, इस्त्री करून ठेवलेली.

"प्रणिता, हे काय केलं?"

ती खुशीत होती. "मॅडम, लई चुका होत्या. मी दुरुस्त केल्या. म्हणलं, यासीनभाईंना बी सांगायचं न्हाई, तुम्हाला सरप्राइज."

"चुका न्हाईत त्या. तसंच लिहिलंय मी."

तिचा चेहरा उतरला. "पण मॅडम, लोक हसतील. आम्हाला कॉलेजात हसायचे. पुण्यातून एक मॅडम आल्या होत्या, मी 'येऊन राहिले' म्हणाले तर अख्खा वर्ग हसला. तेव्हापासून मी तोंडच उघडलं न्हाई."

पुण्याच्या संपादकांवर मी चिडू शकत होते. या पोरीवर कशी चिडणार? तिनं माझी अब्रू झाकली होती, स्वतःची झाकत आली होती तशी. मी तिला विचारलं, घरी कशी बोलतेस? ती म्हणाली, घरी तर काय, आमची आई अर्धं तेलुगूच बोलती. मी म्हटलं, तुझ्या आईनं हे पुस्तक उघडलं आणि पहिल्या पानावर तिच्यासारखं बोलणारी बाई भेटली तर?

यासीनभाईंनी मागून चष्मा वर केला. "बेटा, जसं हाय तसं लाव. ज्याची जुबान त्याची."

ती चाळीस पानं तिनं पुन्हा लावली. यावेळी एकेक शब्द जपून. शेवटच्या प्रुफाला तर ती मलाच पकडायला लागली. "मॅडम, इथं तुम्ही 'परंतु' लिहिलंय. रुक्मा 'परंतु' म्हणंल का?" नाही म्हणणार. खोडला. तीन वर्षांत माझ्या नजरेतून सुटलेले असे अकरा-बारा शब्द त्या पोरीनं शोधून काढले. हा लेख मी तुमच्या सोयीच्या मराठीत लिहितेय, कारण मला दोन्ही येतात. कादंबरीला एकच यायची.

एका ओळखीच्या प्राध्यापकांनी न मागता प्रस्तावना लिहून पाठवली. त्यात 'हुंकार' पाच वेळा होता आणि 'आक्रोश' त्याहून जास्त. रुक्मा एकदाही नव्हती. त्यांना मनापासून धन्यवाद दिले आणि प्रस्तावना छापली नाही. ते अजून बोलत नाहीत.

मुखपृष्ठावर वर 'रुक्माची जीप', खाली माझं नाव. मध्ये मी 'कादंबरी' हा शब्द मागितला. यासीनभाईंनी तो बारीक अक्षरात लावून दाखवला, असतो तसा.

"मोठा करा."

त्यांनी केला.

"आणखी."

"ताई, नावाच्या बरोबरीला येऊन राहिला तो."

"येऊ द्या."

ते हसले आणि त्यांनी तो नावाच्या बरोबरीला आणून ठेवला. आजही ते पुस्तक पाहून लोक विचारतात, हे असं काय छापलंय. छापलंय तसं वाचा, मी म्हणते.

पुस्तकं घेऊन दुकानं फिरले. लातूरला एका मोठ्या दुकानात छतापर्यंत प्रवेशपरीक्षेच्या गाइडांचे ढीग होते. मालकानं पुस्तक चाळलं, उलटं करून मागचं पान पाहिलं, आणि अगदी साळसूदपणे विचारलं, "बाई, यानं किती मार्क वाढतात?" मी म्हटलं, एकही नाही. त्याला काय वाटलं कोण जाणे, म्हणाला, "ठेवा दोन." महिन्यानं दोन्ही गेली होती. कुणी नेली, हे त्यालाही सांगता आलं नाही. मला मात्र ती दोन अनोळखी माणसं महिनाभर सोबतीला होती. बसमध्ये कुणी पिशवीतून पुस्तक काढलं की मी मान वाकडी करून बघायची.

पुढं माझी बदली लातूरला झाली. इथल्या एका वाचनालयात 'रुक्माची जीप' आहे, आणि ती आत्मचरित्रांच्या कपाटात आहे. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी ग्रंथपालांना जाऊन सांगितलं. ते म्हणाले, "लेखिकेचं नाव-गाव बघून ठेवलंय, मॅडम. यांचं बहुतेक तसंच असतं." मी लेखिका आहे हे त्यांना माहीत नव्हतं, मीही सांगितलं नाही. पुस्तक काढलं आणि कादंबऱ्यांच्या कपाटात नेऊन ठेवलं. पुढच्या महिन्यात ते परत जागेवर. मी परत हलवलं. हे दोन वर्षं चाललंय. आता ते माझ्याकडे बघतात, मी त्यांच्याकडे बघते, आणि पुस्तक उचलते. दमतील ते. मी सोयाबीन काढलेली बाई आहे.

पण त्या हंगामातलं खरं सांगायचं ते वेगळंच. पुस्तक हातात आलं तेव्हा काढणी शेवटाकडे आली होती. प्रकाशनासाठी नांदेडला सभागृह बघावं, कुणी मोठा पाहुणा बोलवावा, असं चाललं होतं. मायनं विचारलं, ते लोक काय करणार? म्हटलं, पुस्तकावर बोलतील. "वाचलेलं आसंल का त्यांनी?" बहुतेक नाही, मी म्हणाले. "मंग आधी टोळीला वाचून दाखीव. ज्यांच्यावर लिव्हलं त्यांना कळू दे काय लिव्हलं."

एका आमराईला लागून असलेल्या शेतात टोळी होती. जेवणाची सुट्टी झाली. बायका आंब्याच्या सावलीत बसल्या, बोटांवरच्या चिंध्या सोडल्या, भाकरी उघडल्या. घाम, ठेचा आणि भुशाचा वास. मी पुस्तक उघडून उभी राहिले. पुण्याच्या फोनला मी एवढी घाबरले नव्हते. या बायका म्हणाल्या असत्या की हे आमचं नाही, तर मी ते पुस्तक कुठं ठेवलं असतं?

रुक्मा पहिल्यांदा जीप सुरू करते ते प्रकरण वाचलं. जीप मागं जाते, उकिरड्यात शिरते. बायका हसायला लागल्या. एकीला भाकरीचा ठसका लागला, दुसरीनं तिच्या पाठीत धपाटे घातले. मी थांबले की "वाच की" म्हणायच्या. जेवणं संपली, पाणी पिऊन झालं, तरी कुणी उठेना. शेताचा मालक बांधावर येऊन उभा राहिला, घड्याळ बघितलं. माय त्याला म्हणाली, "दादाराव, बसा. वळ भरून देतो तुमची." तो बसला. शेवटी तोही हसला, पण तोंड फिरवून.

वाचून झाल्यावर सुंदराबाई, टोळीतली सगळ्यात जुनी, म्हणाली, "ही रुक्मा म्हंजी मीच हाय. मला ठाऊक हाय. मीच म्हणले होते एक डाव, ह्या जीपवाल्याची जीपच काढून घ्यायला पायजे."

"तू कवा म्हणली? म्या म्हणले होते," दुसरी म्हणाली.

तिसरी माझ्याकडे बोट दाखवून म्हणाली, "आगं, उकिरड्यात तर माझा दीर गेला होता. ते हिनं माझ्यावर ढकललं."

चौघी-पाचजणी भांडायला लागल्या. प्रत्येकीला खात्री की रुक्मा तीच. मी पुस्तक छातीशी धरून ते भांडण ऐकत उभी होते. जी बाई कधी नव्हती तिच्यावर पाचजणी हक्क सांगत होत्या. मला आणखी कुणाची पसंती नको होती, सभागृह नको होतं, पाहुणा तर नकोच होता. ते विचार मी तिथंच सोडले.

बायका कामाला उठल्या. माय मात्र बसून राहिली, बोटाला चिंधी गुंडाळत. सगळा वेळ ती हसली नव्हती.

"माय, आवडलं न्हाई का?"

"चांगलं हाय." चिंधीची गाठ तिनं दातानं ओढली. "पर मी न्हाई त्यात."

ती खरंच नव्हती. मुकादम होती पुस्तकात, पण ती एक ठसकेबाज, मोठ्यांदा बोलणारी बाई होती, मायसारखी नव्हती. तीन वर्षं मी मायला टाळून लिहिलं होतं आणि ते मला तोवर कळलं नव्हतं.

"सगळ्या गावल्या तुला," ती म्हणाली. तिच्या बोलण्यात राग नव्हता. "मी तेवढी गावले न्हाई?"

मी खरं तेच सांगितलं. "रुक्मा रचायला सोपी होती, माय. तू मला रचता यीना."

तिनं विळा उचलला, उभी राहिली, कमरेला पदर खोचला. बाकीच्या बायका ओळीला लागल्या होत्या, हडंबा सुरू झाला होता, त्या आवाजात तिला जरा मोठ्यानं बोलावं लागलं.

"मंग शीक," ती म्हणाली, आणि आपल्या ओळीला गेली.